छपराचा तिसरा कोन

पनवेलचा पाऊस आपल्याला नवा नाही. तो आला की छपराची परीक्षा होते. उतार कमी पडला तर पाणी कौलांखाली शिरते. उतार फार झाला तर कौले घसरतात. म्हणून वासे कापण्याआधी कोन ठरवावा लागतो. चुकीचे कापलेले लाकूड पुन्हा वाढत नाही, पैसा मात्र आपला जातो!

छपराची कैची पाहा. दोन लाकडे वर आढ्यापाशी मिळतात. खाली आडवी तुळई असते. झाला त्रिकोण! दोन कोन खाली, एक वर.

आता कागदाचा कसलाही त्रिकोण कापू. त्याचे तीन कोपरे फाडू. तिन्ही टोके एका ठिकाणी आणून कडेला कडा लावू. काय झालं? खाली सरळ रेघ आली. सरळ रेघेचा कोन १८० अंशांचा. त्रिकोण लहान असो की मोठा, तीन कोन मिळून १८० अंशच भरतात.

समजा, खालचे दोन्ही कोन ३० अंशांचे ठरले. वरचा किती? जे ठाऊक नाही त्याला 'क्ष' म्हणू.

क्ष + ३० + ३० = १८०
क्ष + ६० = १८०

हा जणू तराजू आहे. एका पारड्यातून ६० काढले, तर दुसऱ्यातूनही काढायचे.

क्ष = १२०

आता उलट पाहू. वरचा कोन ११० अंश आहे. दोन्ही उतार सारखे आहेत. मग खालचे दोन्ही कोन क्ष.

क्ष + क्ष + ११० = १८०
दोन क्ष = ७०
क्ष = ३५

ताळा करू: ३५ + ३५ + ११० = १८०. जमलं!

हाच हिशेब मोठ्या मोजणीतही लागतो. १८०२ साली लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासपासून देशाची मोजणी सुरू केली, ती त्रिकोणांनीच.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने गेलो की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. समजा, खाली दोन ठिकाणी उभे राहून आपण सुळक्याकडे पाहिले आणि जमिनीवरचे दोन कोन मोजले. एक भरला ७० अंश, दुसरा ६५. तर सुळक्यापाशी होणारा तिसरा कोन किती?

पाटीवर मांडून पाहा. उत्तर ४५ आलं ना? मग सुळक्यावर न चढताच आपण तिथला कोन काढला!