रुसलेले इंजिन

वडाळ्याला मालमोटारींची वर्दळ आणि त्यांच्या दुरुस्तीची कामे नित्याचीच आहेत. तेथील एखाद्या वृद्ध चालकाला विचारले, तर हँडल मारून गाडी सुरू करण्याच्या दिवसांची आठवण तो आवर्जून सांगेल. गाडीच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून ते जोराने फिरवावे लागे. आणि ठिणगी अवेळी पडली, तर तेच हँडल उलट फिरून मनगट मोडून टाकी. जुन्या लहान विमानांना असे निराळे हँडल नसे. विमानाचा पंखा हेच त्याचे हँडल. तो अवचित फिरला, तर नुसत्या मनगटावर निभावत नाही.

मुंबईच्याच वायव्येस, समुद्रकाठी, जुहूचा विमानतळ आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे वैमानिक तेथे 'मॉथ' जातीच्या विमानांवर शिकत. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळविणारे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा हे याच क्लबचे विद्यार्थी होत. पुढे बंगळूरला तयार झालेली, १९५८ साली प्रथम उडालेली 'पुष्पक' विमानेही पुष्कळ ठिकाणी पंखा हाताने फिरवूनच सुरू करीत.

या कामाला दोन माणसे लागतात. एक आत बसतो, दुसरा पंख्यापाशी उभा राहतो. चाकांपुढे ठोकळे लावलेले असतात. बाहेरचा मनुष्य "स्विच ऑफ?" असे विचारतो, आतील मनुष्य स्विच पाहून तेच शब्द उच्चारतो. मग पंखा सावकाश तीनचार वेळा फिरवून पेट्रोल व हवा यांचे मिश्रण सिलिंडरांत ओढून घेतात. त्यानंतर "कॉन्टॅक्ट" असा पुकारा होतो, आतून तसेच उत्तर येते, स्विच चालू होतो आणि पात्याला एक झटका देऊन बाहेरचा मनुष्य मागे सरतो. बोटे पात्याच्या कडेवर वळवायची नाहीत, तळवा सपाट ठेवायचा, पुढे झुकायचे नाही. हा संवाद वरवर पोरकट वाटेल. पण त्यातील एक शब्द गाळला, तर हात तुटू शकतो.

इंजिन सुरू झाले नाही, की नवशिक्या अधिक जोराने पंखा फिरवू लागतो. घाम निथळतो, खांदे भरून येतात, इंजिन मात्र ढिम्म राहते. अनुभवी यंत्रज्ञ अशा वेळी प्रथम हात थांबवितो. इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात पेट्रोल, सिलिंडरातील दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. यांपैकी कोणती नाही, एवढेच शोधावयाचे असते.

दाबाची परीक्षा हातालाच होते. चार सिलिंडरांच्या इंजिनाला दोन पात्यांचा पंखा असला, तर अर्ध्या फेऱ्यागणिक एक दट्ट्या हवा दाबतो व पात्याला अडवतो. लागोपाठ चार वेळा ही अडवणूक सारखी जाणवली, तर दाब ठीक आहे. एखादे पाते मऊपणे पुढे गेले, तर त्या सिलिंडराची झडप किंवा दट्ट्याची कडी गळते आहे, असे समजावे.

पेट्रोलाची गोष्ट अधिक फसवी आहे. थंडीच्या पहाटे पेट्रोलाची वाफ नीट होत नाही, म्हणून ते थोडे जास्त द्यावे लागते. तोच प्रमाणभर घुटका मे महिन्याच्या दुपारी, नुकत्याच थांबलेल्या तापल्या इंजिनाला दिला, तर त्याचा श्वास कोंडतो. कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकते, वास दरवळतो. अशा इंजिनाला आणखी पेट्रोल देणे म्हणजे आगीला आमंत्रण. स्विच बंद करावा, हवेची वाट पूर्ण उघडावी आणि पंखा काही फेरे उलट फिरवावा. साचलेली वाफ बाहेर पडते.

उरली ठिणगी. ती मॅग्नेटो निर्माण करतो. यात चुंबक फिरून वीज उत्पन्न होते. बॅटरी लागत नाही. परंतु चुंबक वेगाने फिरला तरच ठिणगीला जोर येतो, आणि मनुष्याच्या हाताचा वेग त्याला पुरत नाही. म्हणून मॅग्नेटोला एक स्प्रिंग जोडतात. पंखा फिरताना ती आवळली जाते व ऐन वेळी सुटून चुंबकाला जोराचा हिसका देते. शिवाय ठिणगी किंचित उशिरा पडते, त्यामुळे पंखा उलटत नाही. ती सुटताना 'टक' असा स्पष्ट आवाज होतो. तो ऐकू आला नाही, तर पंखा दिवसभर फिरविला तरी उपयोग नाही. वंगणाचा चिकटा बसून आतील खिटी अडकलेली असते, ती साफ करावी लागते.

'टक' होते, तरीही इंजिन लागत नसेल, तर प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोचतच नाही. ओला असेल, तर पेट्रोल आहे, पण ते पेटत नाही. काजळी धरलेल्या प्लगमध्ये वीज काजळीवाटेच निसटते आणि ठिणगी पडत नाही.

येथे एक धोका ध्यानात घेण्याजोगा आहे. स्विच बंद करणे म्हणजे वीज तोडणे नव्हे. मॅग्नेटोची वीज एका तारेने इंजिनाच्या धातूत मुरविणे होय. ती तार तुटली, तर स्विच बंद असूनही ठिणगी पडू शकते. म्हणून जाणता मनुष्य प्रत्येक पंखा जिवंत समजूनच त्याला हात लावतो.

प्लग ही लहानशी वस्तू. पण तिच्यावाचून किती अडते, हे १९३० साली दिसून आले. इंग्लंड व भारत यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखान यांनी पाचशे पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते. सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे येत होते. दोघांचीही विमाने 'जिप्सी मॉथ', चार सिलिंडरांची, प्रत्येक सिलिंडराला दोन प्लग. मे महिन्यात इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी तेथे अडकून पडले होते. जवळ जादा प्लग नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग आपल्या प्रतिस्पर्ध्याला दिले. अस्पींचे विमान पुन्हा उडाले, काही तासांच्या फरकाने ते आधी पोचले आणि पारितोषिक त्यांना मिळाले. हेच अस्पी इंजिनिअर १९६० च्या डिसेंबरात भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.