जुना सोव्हिएत कॅमेरा : ओळख, वापर आणि दुरुस्ती

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला घसारा हा विषय नवा नाही. समजा, एखादे यंत्र ५,००० रुपयांना घेतले आणि त्यावर ऱ्हासमान शेष पद्धतीने दर साल १५ टक्के घसारा आकारला. दहा वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत सुमारे ९८४ रुपये उरते, वीस वर्षांनी सुमारे १९४ रुपये आणि साठ वर्षांनी अवघे २९ पैसे. गणित बरोबर आहे, त्यात शंका नाही. परंतु १९६०-६५ च्या सुमारास तयार झालेले काही सोव्हिएत कॅमेरे आजही रोल भरला की स्वच्छ चित्र देतात. मग वहीतले २९ पैसे आणि हातातले चालू यंत्र यांच्यामध्ये जे अंतर पडते, ते कशाने भरून निघते? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता या कॅमेऱ्यांची ओळख करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जन्मकथा

जर्मनीतील लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर २४ × ३६ मिलिमीटरचे चित्र घेणारा हा कॅमेरा कोटाच्या खिशात मावे. १९३२ च्या लायका-२ मध्ये भिंगाशी जोडलेला अंतरमापक आला. त्याच धर्तीचा कॅमेरा खारकोव्ह येथे १९३४ साली तयार होऊ लागला. तो बनवणारे हात कोणाचे होते, हे ऐकून आश्चर्य वाटेल. यादवी युद्धानंतर अनाथ व बेघर झालेल्या मुलांसाठी तेथे एक श्रमवसाहत होती. सुप्रसिद्ध शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको तिचे संचालक होते. वसाहतीला फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की यांचे नाव दिलेले होते आणि त्या नावाच्या आद्याक्षरांवरून कॅमेऱ्याचे नाव पडले ‘फेड’. शाळा आणि कारखाना एकाच आवारात चालवून त्या मुलांनी तंतोतंत मापाचे यंत्र बनवले.

दुसऱ्या महायुद्धानंतर मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथे १९४८ पासून ‘झोर्की’ बनू लागला. या शब्दाचा अर्थ ‘तीक्ष्ण दृष्टीचा’. कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात १९४७ पासून ‘कीव्ह’ कॅमेरा तयार झाला. त्यासाठीची यंत्रसामग्री युद्धाच्या नुकसानभरपाईपोटी जर्मनीतून आली होती. त्यामुळे कीव्ह हा झाइसच्या कॉनटॅक्स कॅमेऱ्याचा सख्खा भाऊच म्हणावा लागेल. आपल्याकडे या सर्वांना सरसकट ‘रशियन कॅमेरे’ म्हणतात. वास्तविक फेड आणि कीव्ह हे युक्रेनमध्ये बनलेले आहेत. म्हणून ‘सोव्हिएत’ हाच शब्द योग्य.

बडोदे आणि यंत्रविद्या

या कॅमेऱ्यांशी माझा परिचय बडोद्यात, आतोबांच्या घरी झाला. त्यांच्या कपाटात दोन फेड, एक झोर्की-४ आणि एक बंद पडलेला कीव्ह आहे. बडोद्याला सोव्हिएत यंत्रांचे वावडे कधीच नव्हते. शहराजवळील कोयली येथील तेलशुद्धीकरण कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला आणि १९६५ साली त्याचा पहिला विभाग सुरू झाला. त्या काळी भारत व सोव्हिएत संघ यांच्यातील व्यापाराचा हिशेब रुपयांत होत असे. परकीय चलनाची टंचाई असताना ही सोय फार मोलाची होती.

छायाचित्रणाची परंपरा तर या शहरात त्याहून जुनी आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली येथे कलाभवन स्थापन केले. उद्योगाचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे, हा गज्जरांचा आग्रह होता. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनीही आयुष्याची अखेरची वर्षे बडोद्यात काढली. १५ जानेवारी २०१२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

असे असूनही आज बडोद्यात जुना कॅमेरा उघडून दुरुस्त करणारे हात फार थोडे उरले आहेत. आतोबांचे कॅमेरे ज्या वृद्ध कारागिरांकडे जात, त्यांची दृष्टी आता अधू झाली आहे. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. त्याला दोष देता येणार नाही, कारण गिऱ्हाईक तिकडे आहे. पण पन्नास वर्षांत त्या कारागिरांनी जे शिकले, ते कोठेही लिहून ठेवलेले नाही. आतोबांनी म्हणूनच माझ्या हाती पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर न देता वही दिली.

अंतरमापक कसा चालतो?

एक बोट नाकासमोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट जागचे हलल्यासारखे दिसते. बोट दूर नेले की हे हलणे कमी होते. याच तत्त्वावर अंतरमापक चालतो. कॅमेऱ्याच्या वरच्या भागात दोन खिडक्या असतात. एकीतून सरळ दृश्य दिसते. दुसरीतून आलेले दृश्य लहान आरसा किंवा लोलक यांच्या साहाय्याने पहिल्या दृश्यावर टाकले जाते. भिंग फिरवले की आतली एक दांडी सरकते आणि दुसरे दृश्य बाजूला हलते. दोन्ही दृश्ये एकमेकांवर तंतोतंत बसली की त्या अंतरावर भिंग जुळले, असे समजावे.

दोन खिडक्यांमधील अंतर जितके अधिक, तितके मोजमाप अचूक. जुन्या फेड व झोर्कीमध्ये हे अंतर सुमारे ३८ मिलिमीटर आहे, तर कीव्हमध्ये सुमारे ९० मिलिमीटर. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण भिंगातून न पाहता वेगळ्या खिडकीतून पाहत असतो. भिंगावरचे झाकण तसेच राहिले तरी खिडकीतून सर्व काही सुरेख दिसते आणि रोल मात्र कोरा निघतो.

निवड आणि पारख

नवशिक्याने फेड-२ किंवा झोर्की-४ घ्यावा. दोन्हींची पाठ पूर्ण निघते, त्यामुळे रोल भरणे सोपे जाते. पहिल्या फेड व झोर्कीमध्ये रोल खालून सरकवावा लागतो आणि त्यासाठी फिल्मची जीभ लांब कापावी लागते. झोर्की-४ हा १९५६ ते १९७३ या काळात सतरा लाखांहून अधिक संख्येने बनला. म्हणून त्याचे सुटे भाग मिळण्याचा संभव अधिक. फेड व झोर्कीची भिंगे ३९ मिलिमीटरच्या आट्यांची असल्याने एकमेकांना बसतात. कीव्हची बैठक वेगळी आहे. भिंगांमध्ये इंडस्टार-६१ आणि ज्युपिटर-८ ही दोन नावे लक्षात ठेवावीत. कीव्हच्या क्रमांकातील पहिले दोन अंक बहुधा निर्मितीचे वर्ष सांगतात.

संग्राहकाने एका फसवणुकीपासून सावध राहावे. फेड किंवा झोर्कीवरील नाव घासून तेथे ‘लायका’ कोरलेले, सोनेरी मुलामा दिलेले, जर्मन सैन्याची चिन्हे असलेले कॅमेरे जगभर विकले जातात. भिंग काढून आत पाहिले की खरे-खोटे कळते. लायकात भिंगाला टेकणाऱ्या दांडीच्या टोकाला लहान गोल चाक असते, तर सोव्हिएत कॅमेऱ्यात साधे निमुळते टोक असते.

विकत घेण्यापूर्वी पुढील चार गोष्टी तपासाव्यात.

१. भिंग व पाठ काढून अंधाऱ्या खोलीत दिव्याकडे धरावे. कापडी पडद्यातून सुईच्या टोकाएवढे प्रकाशबिंदू दिसल्यास पडद्याला छिद्रे आहेत.

२. प्रत्येक गतीवर खटका दाबून पाहावा. एक सेकंदाची गती मध्येच अडकली, तर आतील तेल वाळले आहे.

३. दूरचा मनोरा किंवा डोंगर पाहावा. भिंग अनंतावर असताना दोन्ही दृश्ये एक झाली पाहिजेत. बडोद्यात आम्ही यासाठी लक्ष्मीविलास राजवाड्याचा मनोरा वापरतो. हवा स्वच्छ असेल तेव्हा गच्चीवरून पावागडही उपयोगी पडतो.

४. भिंगातून दिव्याकडे पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय.

वापराचे नियम

पहिला नियम असा : आधी चावी द्यावी, मग गती बदलावी. फेड व झोर्कीची गती-चकती खटका सुटताना फिरते. त्यामुळे चावी दिल्यावरच तिच्यावरचा आकडा खरा असतो. झोर्की-४ मध्ये चावी न देता संथ गतीकडे चकती फिरवल्यास आतील दाते बिघडू शकतात.

दुसरा नियम : भिंग उघडे ठेवून कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवू नये. बहिर्गोल भिंगाने कागद जळतो, हे आपण शाळेत पाहिले आहे. येथे कागदाच्या जागी रबर लावलेला कापडी पडदा असतो.

तिसरा नियम प्रकाशाचा. झोर्की-४ मध्ये प्रकाशमापक नाही. भर उन्हात १०० गतीची फिल्म असेल तर छिद्र एफ १६ वर आणि गती १/१२५ किंवा १/१०० वर ठेवावी. ढगाळ हवेत छिद्र एफ ८, सावलीत एफ ५.६. आठ-दहा रोल झाल्यावर डोळाच प्रकाशमापक बनतो.

दुरुस्ती : काय करावे, काय करू नये

पडद्यातील छिद्रे काळ्या लवचिक रंगाचा अगदी पातळ थर देऊन बुजवता येतात. थर जाड झाला तर पडदा जड होऊन गती बिघडते. अंतरमापक आडवा सरकला असेल, तर फेड-२ व झोर्की-४ मध्ये समोरच्या बाजूचा लहान झाकण-स्क्रू काढून आतील स्क्रू किंचित फिरवावा. पाव फेऱ्याहून अधिक एका वेळी फिरवू नये. भिंग जड फिरत असेल तर जुने वंगण घट्ट झालेले असते. ते पुसून नवे लावावे लागते. मात्र भिंगाचे आटे सुटण्यापूर्वी ते नेमके कोठे सुटतात, याची खूण करून घ्यावी. आट्यांना सुरुवातीची अनेक तोंडे असतात आणि चुकीच्या तोंडातून बसवलेले भिंग अनंतावर कधीच जुळत नाही.

बडोद्याच्या उन्हाळ्यात बंद मोटारीत कॅमेरा ठेवू नये, वंगण पातळ होऊन पात्यांवर उतरते. पावसाळ्यात कातडी पेटी टाळावी. हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात कॅमेरा ठेवावा. बिजागऱ्यांना मारतात ते तेल फवारून खटका ‘सोडवण्याचा’ मोह कधीही धरू नये.

कीव्ह मात्र नवशिक्याने उघडू नये. त्याचा पडदा धातूच्या पट्ट्यांचा असून तो रेशमी फितींवर वर-खाली सरकतो. बहुधा या फितीच तुटतात. आतोबांचा कीव्ह याच कारणाने बंद आहे. गेल्या सुट्टीत ते वृद्ध कारागीर खुर्चीवर बसून सांगत गेले, आतोबा उघडत गेले आणि मी प्रत्येक स्क्रू कोठून निघाला, त्याची लांबी किती, हे क्रमाने वहीत लिहीत व रेखाटीत गेलो. काम निम्मे झाले आहे. फिती बदलायच्या आहेत. “घाई करू नकोस बाळ, लिहिलेलं असलं म्हणजे मी नसलो तरी होईल,” असे ते म्हणाले.

जमाखर्च

आता हिशेबाकडे वळू. या छंदात यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते, पण रोलचा खर्च चालूच राहतो. समजा, रोल व धुलाई मिळून ९०० रुपये पडले, तर ३६ चित्रांपैकी प्रत्येक चित्र २५ रुपयांचे झाले. म्हणून खटका दाबण्याआधी माणूस विचार करतो. हा तोटा मानावा की लाभ, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते हा लाभ आहे.

किरकोळ दुरुस्तीला आपण महसुली खर्च म्हणतो, कारण तो त्याच वर्षी संपतो. पण दुरुस्ती शिकण्यासाठी दिलेले तास वर्ष संपल्यावर संपत नाहीत. पुढच्या प्रत्येक यंत्राला ते उपयोगी पडतात. तो खरा भांडवली खर्च होय. दुर्दैवाने ताळेबंदात त्याला रकाना नाही. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. २९ पैशांचे यंत्र चालू ठेवते ते कारागिराचे ज्ञान, आणि त्या ज्ञानावर घसारा बसतो तो केवळ ते पुढे दिले नाही तर.

आपल्या महाविद्यालयात मराठी व कन्नड बोलणारे विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी बंद घड्याळ, रेडिओ, शिवणयंत्र किंवा कॅमेरा असेल, आणि गावात ते उघडू जाणणारे एखादे वृद्ध गृहस्थही असतील. त्यांच्याकडे वही घेऊन जावे. ते ज्या भाषेत सांगतील त्या भाषेत, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. अशा वह्या ग्रंथालयात जमा होऊ लागल्या, तर पुढील वर्षीच्या अंकात दोन्ही विभागांना लेखांची वाण पडणार नाही.