मानपाड्याचा शेजारी : बिबट्या

ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यालगतच्या मानपाड्यापाशी येऊरचे जंगल येऊन भिडते. हे जंगल सुमारे 104 चौरस किलोमीटर विस्ताराच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग होय. तेथील बिबट्या अधूनमधून वस्तीत येतो. 20 फेब्रुवारी 2019 रोजी तर तो ठाण्यातील एका मॉलपर्यंत पोहोचला होता.

बिबट्या दिसताच ‘पिंजरा लावा’ अशी मागणी होते. ती स्वाभाविक असली तरी हितावह नाही. जुन्नर परिसरात पकडलेले बिबटे 2001 पासून अन्यत्र सोडण्यात येऊ लागले, तेव्हा माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी 4 वरून 17 वर गेल्याचे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. एक बिबट्या हलविला की त्याची मोकळी झालेली जागा दुसरा घेतो. हलविलेला मात्र अनोळखी मुलखात बिथरतो.

खरे आमंत्रण देतो तो उकिरडा. उकिरड्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणून कचऱ्याची वेळेवर उचल, पाड्यांवर दिवे आणि घराजवळ शौचालय यांना अग्रक्रम हवा. बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्यास लहान सावजासारखा भासतो, हे शौचालयाच्या प्रश्नात सहसा कोणी ध्यानात घेत नाही!

अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नये, हे शिक्षकांनी पालकांना बजावावे. बिबट्या समोर आल्यास पळू नये, खाली बसू नये. मोठ्याने बोलत सावकाश मागे सरावे. घेराव घालणारी गर्दी पांगवून त्याची वाट मोकळी ठेवावी व वन विभागास 1926 या क्रमांकावर कळवावे.