किती हरायचं, ते आधी ठरवा

रेस शनिवारी रात्री झाली आणि बिल मंगळवारी सकाळी आलं.

मी ऑफिसात होतो. ई-मेल उघडली तर यादी: सांगाड्याचा पुढचा भाग, उजवीकडचे वरचे-खालचे दोन्ही कंट्रोल आर्म, स्पिंडल, रेडिएटर, दोन रिम, मजुरीचे तास. एकूण ११,४०० डॉलर. गाडी आमची नव्हती. एका टीमकडून त्या रात्रीपुरती भाड्याने घेतलेली, आणि भाडं आधीच चुकतं केलेलं. करारात एक ओळ होती, मोडतोड चालकाच्या खर्चाने. खाली सही माझी, कारण चालक पंधरा वर्षांचा होता.

एक मोडतोड त्या बिलात धरलेली नव्हती. भिंतीला धडकल्यापासून पोराचं डोकं ठणकत होतं आणि नऊ दिवस त्याने ते आम्हाला कळू दिलं नव्हतं. वर्गातला उजेड सहन होईना म्हणून शाळेतून फोन आला, तेव्हा उलगडा झाला. डॉक्टरांकडून घरी येताना मी विचारलं, "सांगितलं का नाहीस रे?" खिडकीबाहेर बघतच तो म्हणाला, "बाबा, तुम्ही पुढच्या रेसचे पैसे भरले होते ना."

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटजवळ आम्ही अठरा वर्षं राहतोय. इथल्या मराठी घरांतून मला अधूनमधून फोन येतात, मुलाला किंवा मुलीला गाडीचा नाद लागलाय, काय करू? प्रत्येकाला तेच सांगतो, म्हणून एकदा लिहून काढतोय.

मी मूळचा कोल्हापूरचा. माझे चुलते तालमीत होते. त्यांच्या खुराकापायी, म्हणजे दूध, तूप आणि बदामापायी, आजोबांनी दीड एकर विकलं. चुलत्यांनी खासबाग मैदानात दोन कुस्त्या मारल्या आणि पुढे साखर कारखान्यात वॉचमन झाले. लहानपणी ही गोष्ट ऐकून मी हसायचो. आजोबांना हिशेब कळत नव्हता असं मला वाटे. मी बँकेत हिशेबाचीच कामं करतो, आणि मीही तेच केलं. फरक इतकाच, त्यांनी रान विकलं आणि मी घरावर कर्ज काढलं.

शार्लट म्हणजे स्टॉक कार रेसिंगची पंढरी. नॅसकार ही संस्था १९४८ साली फ्लोरिडातल्या डेटोना बीचला सुरू झाली, पण बहुतेक मोठ्या टीमची गॅरेजं इथे, आमच्या घरापासून तासाभराच्या आत. या भागात पूर्वी चोरट्या दारूची ने-आण चाले. पोलिसांना चुकवायला इंजिनांचा जोर वाढवलेल्या गाड्यांमधून या खेळाचे सुरुवातीचे काही बहाद्दर पुढे आले. 'स्टॉक' म्हणजे दुकानातून घेतली तशी गाडी. आता त्यात दुकानातलं काही उरलेलं नाही, नाव तेवढं उरलं.

पोरगा दहाव्या वर्षी बँडोलेरोत बसला. ही लहान मुलांची गाडी, हिला गवत कापायच्या मोठ्या यंत्राला असतं त्या जातीचं इंजिन. बाराव्या वर्षी लेजंड्स. १९३०-४० च्या जुन्या गाड्यांची पाच-अष्टमांश आकाराची प्रतिकृती, आत यामाहाच्या मोटरसायकलचं सीलबंद इंजिन. आम्ही जुनी गाडी घेतली आणि गॅरेजमध्ये बापलेक रात्री बारापर्यंत खपायचो. तेव्हाचा एक खेळ अजून आठवतो. चहाचा कागदी कप आडवा करून ढकलला की तो सरळ जात नाही, गोल फिरतो. उजव्या बाजूचं टायर डावीकडच्यापेक्षा घेराने थोडं मोठं ठेवलं की गाडी तशीच आपणहून डावीकडे वळायला बघते. पोरगा शिंप्यासारखा गळ्यात टेप टाकून टायर मोजत बसे. त्या काळात तो जिंकत होता, आणि मुख्य म्हणजे का जिंकतोय ते त्याला सांगता येत होतं.

मग लोक म्हणाले, पोरात दम आहे, आता वरची पायरी चढवा. इथे माझा पाय घसरला.

पायऱ्या कागदावर सरळ दिसतात. लेजंड्सनंतर गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर लेट मॉडेल, म्हणजे पूर्ण आकाराची स्टॉक कार. पंधराव्या वर्षी छोट्या ट्रॅकवर आर्का मालिका, सोळाव्या वर्षी तशाच ट्रॅकवर नॅसकारची ट्रक मालिका. मोठे ट्रॅक अठरानंतर. त्यावर दुसऱ्या क्रमांकाची मालिका आणि सगळ्यात वर कप. शाळेच्या इयत्तांसारखं वाटतं, पास झालं की वर. पण कपमध्ये एका रेसला सहसा जास्तीत जास्त ४० गाड्या, आणि त्यातल्या ३६ जागा चार्टर, म्हणजे हमखास जागेचा हक्क, असलेल्या टीमच्या. ज्याचा तिथे जम बसतो तो सहजी हलत नाही. म्हणजे दरवर्षी रिकाम्या होणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या.

आणि वरच्या टोकाला टीम चालकाला पगार देते, पण खाली चालकच टीमला पैसे आणून देतो. प्रायोजक आणा नाहीतर बापाचा खिसा आणा. हे लपवलेलं नाही, गॅरेजमध्ये पोरंसोरंही सांगतील. मीच विचारलं नाही. लेट मॉडेलची गाडी आम्हाला परवडणारी नव्हती म्हणून मी ती रेसच्या हिशेबाने भाड्याने घेऊ लागलो. पोरगा हेल्मेटची पिशवी घेऊन जायचा, गाडी चालवायचा, पिशवी घेऊन परत यायचा. टेप गळ्यातून गेला. गाडी वळणावर मागून सुटतेय, म्हणजे 'लूज' आहे, की पुढून वळतच नाही, म्हणजे 'टाइट' आहे, एवढं तो रेडिओवर सांगे. त्यावर काय केलं ते त्याला कुणी सांगत नसे. दोन मोसमांत आठ रेस झाल्या. सर्वात वरचा क्रमांक सहावा. नवव्या रेसला ती भिंत.

मला भुलवलं ते वर पोचलेल्यांच्या गोष्टींनी. याच शार्लटचा विल्यम बायरन आधी संगणकावरच्या रेसिंगमध्ये शिकला, खऱ्या गाडीत उशिरा बसला, आणि पुढे २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं डेटोना ५०० ही मानाची रेस जिंकला. जॉश बेरीची गोष्ट मी अर्धीच ऐकली होती. तो बँकेत नोकरी करत होता, संगणकावरच्या रेसिंगमध्ये त्याची नावाजलेल्या चालकाशी, डेल अर्नहार्ट ज्युनियरशी ओळख झाली, त्याला गाडी मिळाली. पुढची अर्धी गोष्ट अशी की त्यानंतर तो दहा वर्षं मुख्यतः लेट मॉडेलमध्येच होता. दुसऱ्या क्रमांकाच्या मालिकेत पहिला विजय २०२१ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. कपमधला पहिला २०२५ मध्ये. आपला नारायण कार्तिकेयन २०१० साली ट्रक मालिकेत उतरला, तोही फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवून आल्यावर. या तिघांपैकी एकाचाही रस्ता दुसऱ्याला लागू पडत नाही. मी मात्र आठवीतल्या पोराला त्यावर चालवायला निघालो होतो.

आता फोन करणाऱ्यांना मी काय सांगतो ते.

पहिलं, आकडा. पहिली गाडी घेण्याआधी नवरा-बायकोने बसून एक रक्कम लिहायची, जी पूर्ण बुडाली तरी घर हलणार नाही. ही गुंतवणूक नाही, फी आहे, परत येणार नाही असं धरूनच चालायचं. रक्कम संपली की थांबायचं, मग पोरगा त्या आठवड्यात जिंकलेला का असेना. जिंकलेल्या आठवड्यातच पाय जास्त घसरतो.

दुसरं, करार. भाडं सगळे विचारतात. तुम्ही मोडतोडीची कमाल मर्यादा विचारा आणि ती आकड्यात लिहून घ्या. नवे टायर किती, सराव धरून की वेगळा, वर उभा राहून रेडिओवर वाट सांगणारा स्पॉटर कुणाचा, बक्षिसाचे पैसे कुणाचे, आधी याच गाडीत कोण होतं आणि त्याचं काय झालं. ज्यांना या प्रश्नांचा राग येतो, त्यांच्याकडे जाऊ नका.

तिसरं, हात काळे होऊ द्या. पोराला गाडी उघडता यायला हवी. वरच्या पायरीवरची भाड्याची गाडी घेण्यापेक्षा खालच्या पायरीवर स्वतःची गाडी घेऊन आणखी दोन वर्षं काढणं शहाणपणाचं. शिवाय हा खेळ एका खुर्चीचा नाही. टायर बघणारे, पत्राकाम करणारे, इंजिनिअर, स्पॉटर, पिटमध्ये काही सेकंदांत चाकं बदलणारे, या सगळ्यांना पगार असतो. मूर्सव्हिलला नॅसकार टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, शार्लटच्या विद्यापीठात मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंग शिकवतात. या वाटा मुलाला पहिल्या दिवसापासून दाखवा, हरल्यावर समजूत घालायला नको.

चौथं, डोकं. २००१ मध्ये डेटोनाला शेवटच्या फेरीत नामवंत चालक डेल अर्नहार्ट अपघातात गेले आणि त्याच वर्षी नॅसकारने मान-डोकं धरून ठेवणारं साधन सक्तीचं केलं. हॅन्स हे त्यातलंच एक. आमच्या पोराच्या खांद्यावरही ते होतं. पण हॅन्स मान वाचवतं, कवटीच्या आत मेंदू हादरतो तो हादरतोच. अर्नहार्ट यांचा मुलगा डेल ज्युनियर याच कारणाने २०१६ मध्ये अर्ध्या मोसमाच्या १८ रेस बाहेर बसला, तेव्हा तो या खेळातला सर्वांत लाडका चालक होता. मोसमाआधी मेंदूची मूळ चाचणी करून घ्या, म्हणजे आपटल्यावर तुलना करता येते. नॅसकारने २०१४ पासून आपल्या चालकांना ती सक्तीची केली आहे. आम्ही केली नव्हती.

आणि पाचवं, जे मला सगळ्यात उशिरा कळलं. घरात मुलासमोर पैशाबद्दल बोलू नका. मी रागाने बोलत नव्हतो. कौतुकानेच पाहुण्यांना सांगायचो, याच्यासाठी आम्ही एवढं केलं. तो ऐकत होता. प्रत्येक आकडा त्याच्या पाठीवर चढत गेला, आणि शेवटी त्याला 'दुखतंय' म्हणायलाही जागा उरली नाही. आजोबांनी दीड एकर विकल्यावर चुलत्यांचं काय झालं असेल, हे मला तेव्हा कळलं. ते जन्मभर कुस्तीबद्दल बोलत का नसत, तेही.

भिंतीनंतर आम्ही थांबलो. सोपं नव्हतं. वर्षभर तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता. मग एका ओळखीच्या गॅरेजमध्ये संध्याकाळी झाडू मारायला जाऊ लागला. आज बावीस वर्षांचा आहे आणि एका ट्रक टीममध्ये टायर बघतो. रेसवरून आलेल्या टायरवर चिकटलेलं रबर तापवून खरवडायचं, झीज मोजायची आणि गाडी कुठल्या कोपऱ्यावर भार टाकत होती ते इंजिनिअरला सांगायचं. टेप परत गळ्यात आला. कर्ज माझ्यावर अजून तीन वर्षं आहे.

दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या पगारातून जुनी लेजंड्स घेतली. उन्हाळ्यात रात्री तो रेसला उतरतो. मी तिकीट काढून स्टँडमध्ये बसतो, पिटमध्ये जात नाही. गेल्या जुलैत तिसऱ्या वळणावर त्याला मागून कुणीतरी टेकलं आणि गाडी भिंतीला घासत गेली. तो आपल्या पायांनी बाहेर आला. थोड्या वेळाने माझा फोन वाजला.

"बाबा, डोकं जड वाटतंय. आज दुसरी रेस नाही करत. गाडी चढवायला येता का?"

मी पायऱ्या उतरून गेलो.