नाव अनेक, व्यक्ती एक : ग्रंथकारांच्या ओळखक्रमांकांची निगा

महाराष्ट्रात वडगाव या नावाची गावे अनेक आहेत. म्हणूनच महसुली दप्तरात पूर्वापार खुर्द आणि बुद्रुक असा भेद केला जातो, तालुका व जिल्हाही लिहिला जातो. आता पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक ग्रामपंचायतीस स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आहे. हाक मारण्यास नाव पुरते, परंतु ओळख निश्चित करण्यास ते पुरत नाही, हा अनुभव गावकारभार पाहणाऱ्या प्रत्येकास आहे. ग्रंथालयांपुढे हाच प्रश्न ग्रंथकार व संस्था यांच्याबाबत उभा असतो.

प्रश्नाचे स्वरूप

'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह 1933 मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. या लेखिका म्हणजे पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे व विवाहानंतरच्या मालतीबाई बेडेकर होत. येथे नावे तीन, व्यक्ती एक. याउलट पु. ल. देशपांडे व पु. य. देशपांडे या व्यक्ती दोन. दोघांचेही नाव पुरुषोत्तम, आडनाव एकच आणि दोघेही साहित्य अकादमीच्या पुरस्काराचे मानकरी. मधले अक्षर गळाले की दोघांची पुस्तके एकाच नावाखाली जमा होतात. रोमन लिपीत आणखी भर पडते. काही परदेशी ग्रंथालयांच्या लिप्यंतर-पद्धतीत अंत्य 'अ' लिहिला जात असल्याने खांडेकरांचे आडनाव 'खांडेकरा' असे वाचावे लागते.

यावर उपाय म्हणून ग्रंथालये अधिकृत नामनोंद ठेवतात. एका व्यक्तीची सर्व नावे, जन्म-मृत्यूची वर्षे व प्रमुख ग्रंथ एका नोंदीत आणून तिला क्रमांक दिला जातो.

क्रमांकांच्या प्रमुख यंत्रणा

अमेरिकेचे काँग्रेस ग्रंथालय, जर्मनीचे राष्ट्रीय ग्रंथालय व ओसीएलसी ही संस्था यांनी 1998 मध्ये आपल्या नामनोंदी परस्परांशी जुळविण्याचा प्रयोग सुरू केला. त्यातून 'व्हायफ' ही आंतरराष्ट्रीय नामसूची उभी राहिली. निरनिराळ्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नोंदी संगणकाने ताडून तीत एकत्र गुंफल्या जातात. 2012 मध्ये 'आयएसएनआय' हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्याचा क्रमांक सोळा स्थानांचा असून शेवटचे चिन्ह पडताळणीचे असते. एखादा अंक चुकला वा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ती चूक त्यावरून लक्षात येते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विकिडेटा हा मुक्त माहितीकोश सुरू झाला. त्यात एका व्यक्तीच्या नोंदीखाली या सर्व यंत्रणांचे क्रमांक एकत्र नोंदविता येतात, आणि हे काम कोणाही नागरिकास करता येते.

अडचण कोठे येते

या यंत्रणांचे नियम एकसारखे नाहीत. विकिडेटात सामान्यतः एका व्यक्तीस एकच नोंद असते. परंतु टोपणनाव ही स्वतंत्र लेखकीय ओळख मानून काही यंत्रणा त्यास वेगळा क्रमांक देतात. त्यामुळे एका व्यक्तीपुढे दोन क्रमांक दिसले म्हणजे एक चुकीचाच असेल, असे समजू नये. संस्थांचेही तसेच. 1949 मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाचे 2014 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे नामांतर झाले. ग्रंथालयीन रिवाजानुसार जुन्या व नव्या नावांच्या नोंदी वेगळ्या ठेवून त्या परस्परांस जोडल्या जातात, तर माहितीकोश संस्था एकच मानतो.

या तपशिलास व्यावहारिक महत्त्व आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे ग्रंथाचा स्वामित्वहक्क टिकतो. लेखक अज्ञात राहिलेल्या टोपणनावी ग्रंथास मात्र ही मुदत प्रकाशनापासून मोजली जाते. विभावरी शिरूरकर ही नोंद मालतीबाईंशी जोडलेली नसेल, तर 1933 चा ग्रंथ केव्हाच मुक्त झाला, असा समज होईल. लेखिका कोण हे जाहीर झालेले असून त्यांचे निधन 2001 मध्ये झाले. म्हणजे हा हक्क 2061 अखेरपर्यंत आहे. एक दुवा सुटला तर वारसांचा हक्क बुडू शकतो. उलट, समान नावाच्या दोन व्यक्ती एक मानल्या तर एकाचे मृत्युवर्ष दुसऱ्याच्या माथी बसते.

निगा कशी राखावी

पहिली गोष्ट, केवळ नाव जुळले म्हणून क्रमांक जोडू नये. जन्मवर्ष, जन्मस्थान, ग्रंथनाम, व्यवसाय यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. दुसरी, संगणकाने गुंफलेल्या नोंदी पुढे फुटतात वा एकत्र होतात. म्हणून केवळ व्हायफवर विसंबून न राहता मूळ राष्ट्रीय ग्रंथालयाचा क्रमांकही लिहावा. तिसरी, विकिडेटात चुकीचा क्रमांक आढळल्यास तो नुसता पुसू नये. पुसलेली चूक दुसरा कोणी पुन्हा भरतो. ती कारणासह अग्राह्य ठरविण्याची सोय तेथे आहे, तिचा उपयोग करावा. चौथी, हयात व्यक्तींची जन्मतारीख, पत्ता असा खाजगी तपशील देऊ नये.

एकदा जोडलेला दुवा इतर सूचींत उतरत जातो. म्हणून चुकीच्या दुव्यापेक्षा रिकामी जागा बरी.

गावपातळीवरील काम

मोठ्या ग्रंथालयांना नामवंत लेखक ठाऊक असतात. तालुक्यातील कवी, स्थानिक इतिहास लिहिणारे शिक्षक, गावातील वाचनालय यांची खात्रीशीर माहिती मात्र गावातच मिळते. शाळेने किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयाने अशा दिवंगत लेखकांची एक वही ठेवावी. तीत देवनागरी व रोमन लिपीतील पूर्ण नाव, टोपणनाव, जन्म-मृत्यूची वर्षे, ग्रंथ आणि माहितीचा आधार नोंदवावा. संस्थेबाबत स्थापनावर्ष व पूर्वीची नावे लिहावीत. अशी वही हाती असली म्हणजे मुक्त माहितीकोशात अचूक नोंद करणे सोपे जाते, आणि गावच्या लेखकाचे पुस्तक दूरदेशीच्या वाचकासही त्याच्याच नावावर सापडते.