ॲपवरचे काम: नोकरी की स्वतंत्र व्यवसाय?

प्रश्न: युरोपात ॲपवरून घरपोच जेवण पोहोचवणाऱ्यांना कायदा कर्मचारी मानतो का?

उत्तर: ॲपवर काम करणाऱ्यांना कंपन्या ‘स्वतंत्र व्यावसायिक’ ठरवत आल्या, त्यामुळे किमान वेतन आणि भरपगारी रजेची जबाबदारी टळत असे. न्यायालयांनी कराराच्या भाषेपलीकडे जाऊन कामावर कंपनीचा प्रत्यक्ष ताबा किती हे तपासले: दर कोण ठरवते, काम कोण वाटते, काम नाकारल्यास काय होते. स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ग्लोव्हो या ॲपच्या डिलिव्हरी करणाऱ्याला कर्मचारी ठरवले. पुढच्याच वर्षी तिथे डिलिव्हरी करणाऱ्यांना कर्मचारी मानणारा ‘रायडर कायदा’ आला. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या निकालाने टॅक्सी ॲप उबरच्या चालकांना ‘वर्कर’ हा मधला दर्जा मिळाला. त्यात किमान वेतन आणि रजा आहे, अन्याय्य बडतर्फीपासून संरक्षण नाही. ही उणीव गंभीर आहे.

युरोपीय संघाचा ॲपवरच्या कामाबद्दलचा २०२४ चा निर्देश अधिक ठोस आहे. कंपनीचा ताबा दिसला की नोकरीचे नाते गृहीत धरायचे, आणि ते नसल्याचे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर. कामगाराचे खाते बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यायचा. सदस्य देशांना त्यानुसार कायदे करण्यासाठी २ डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे. मात्र ताबा कशाला म्हणायचे हे बरेचसे त्या त्या देशाच्या कायद्यावर सोपवल्याने संरक्षण सर्वत्र सारखे असेलच असे नाही.