'राब' कोशात कसा घालावा?

प्रश्न : विक्शनरीत 'राब'चा आमच्याकडचा अर्थ घालायचा आहे. जुनी नोंद बदलू का? – एक वाचक, वाशिंद

उत्तर : बदलू नका, तिच्याखाली भर घाला. भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा, शेण पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात, हे शहापूर-मुरबाडला सांगावं लागत नाही. कोश वाचणाऱ्या शहरी मुलाला मात्र लागतं, म्हणून क्रिया पूर्ण उलगडा. प्रदेश लिहा, घरात बोललं जाणारं एक वाक्य द्या. माझ्या मते ते वाक्यच नोंदीचा जीव. मोल्सवर्थचा १८५७चा कोश प्रताधिकारमुक्त आहे, त्याचा आधार घ्या; अलीकडच्या कोशातली व्याख्या उतरवू नका. कोणी भर काढली, तर पानाच्या 'इतिहास'मध्ये ती शाबूत असते. परत घालण्याआधी चर्चापानावर कारण विचारा.